फुलांचा प्रपंच : प्रस्तावना

मनुष्य पृथ्वीवर येण्यापूर्वी कोट्यवधी वर्षे फुले उमलत होती, आणि त्यांच्याकडे पाहून प्रसन्न होणारे, त्यांच्या माळा ओवणारे किंवा त्यांना देवाच्या मस्तकी वाहणारे कोणीही त्या काळी अस्तित्वात नव्हते, ही वस्तुस्थिती ज्याच्या मनावर एकदा ठसली, त्याची फुलांकडे पाहण्याची दृष्टी पूर्वीची राहू शकत नाही. खडकांत सापडणाऱ्या परागकणांचा दाखला घेतला, तर सपुष्प वनस्पतींचा इतिहास सुमारे तेरा कोटी वर्षे मागे जातो. तेव्हा रंगांचा, गंधांचा आणि आकृतींचा हा अफाट खटाटोप आपल्यासाठी मांडलेला नाही, हे उघड आहे. तो कोणासाठी मांडला आहे, हा प्रश्न मात्र मानवी बुद्धीला फार उशिरा सुचला, आणि त्याचे उत्तर शोधू लागल्याला अडीच शतकेही धड झालेली नाहीत.

वनस्पतीवर निसर्गाने घातलेले मोठे बंधन असे की, जेथे ती रुजली तेथून ती हलू शकत नाही. अन्न ती जागच्या जागी तयार करते, पाणी मुळांनी ओढून घेते, शत्रूंशी काट्यांनी आणि विषांनी झुंजते. परंतु स्वजातीच्या दुसऱ्या झाडाशी संबंध जोडून वंश चालवावयाचा, तर कोणातरी फिरत्या दूताचा आश्रय तिला करावाच लागतो. वारा हा दूत फुकटचा, पण बेभरवशाचा. पाणी त्याहूनही क्वचित कामी येणारे. म्हणून बहुसंख्य सपुष्प वनस्पतींचा करार मधमाशी, फुलपाखरू, पतंग, भुंगेरा, माशी, पक्षी, वटवाघूळ अशा सजीवांशी झालेला दिसतो, आणि फूल हा त्या कराराचा मजकूर होय. रंग ही त्यातील द्वाही, गंध हे आमंत्रण, मध हा मोबदला, आणि पाकळ्यांची ठेवण म्हणजे दूताने कोठून यावे, कोठे टेकावे नि अंगाला पराग लावून कोणत्या वाटेने परतावे ह्याची तजवीज. प्रस्तुत ग्रंथाचे प्रतिपादन एवढेच आहे की, जगातील कोणतेही विलक्षण फूल हे त्याच्या मुलखातील एखाद्या विशिष्ट अडचणीला मिळालेले उत्तर असते, आणि तो मुलूख व तो दूत ह्यांना वगळून केलेले फुलाचे वर्णन कितीही सुंदर उतरले तरी ते खरे उतरत नाही.

ज्ञात सपुष्प वनस्पतींच्या जाती तीन लक्षांहून अधिक आहेत, आणि त्यांत गुलाब, कमळ, मोगरा ही मानमरातबाची मंडळी अगदी थोडी. ज्वारीचे कणीस, भाताची लोंबी, आंब्याचा मोहर, नारळाची पोय, तळ्याच्या पाण्यावर हिरव्या रव्यासारखी तरंगणारी वुल्फिया, ह्या सर्वांचा समावेश त्याच कुळात होतो. गवतवर्गीय वनस्पतींनी आपला कारभार वाऱ्यावर सोपविल्यामुळे रंगागंधाचा खर्च त्यांनी वाचविला, एवढाच भेद. उंबराला फूल येत नाही, किंवा आले तरी ते मर्त्य माणसाच्या दृष्टीस पडत नाही, अशी आपल्याकडील समजूत. वस्तुतः उंबर म्हणजे आतल्या बाजूस शेकडो सूक्ष्म फुले धारण करणारी एक बंद थैली असून, गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातला एक बारीक कीटक तिच्या तोंडाच्या छिद्रातून आत शिरतो, तेथेच अंडी घालतो, आणि त्याची पुढची पिढी पराग घेऊन बाहेर पडते. कीव्ह येथील सर्गेई नवाशिन ह्या शास्त्रज्ञाने १८९८ साली असे दाखवून दिले की, परागनलिकेतून दोन नर-पेशी बीजांडात उतरतात. एकीच्या मीलनातून गर्भ तयार होतो आणि दुसरीच्या मीलनातून त्या गर्भाची शिदोरी. गहू, तांदूळ, ज्वारी, मका ह्यांच्या दाण्यात आपण खातो ती मुख्यतः ही शिदोरीच. फुलांच्या अभ्यासाला रिकामटेकड्यांची करमणूक मानणाऱ्यांनी आपल्या ताटातील भाकरीची ही कुळकथा अवश्य ध्यानी घ्यावी.

ह्या शास्त्राचा इतिहास सांगताना ग्रीक थिओफ्रास्टसपासून आरंभ करण्याचा शिरस्ता आहे. त्याला वंदन करून मी मराठी वाचकाला जवळच्या दोन ग्रंथांकडे नेऊ इच्छितो. गोव्यात वास्तव्य करणाऱ्या गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली तेथेच छापविलेल्या संवादरूप ग्रंथात हिंदुस्थानातील औषधींबरोबरच, रात्री फुलून पहाटे गळणाऱ्या पारिजातकाचाही परामर्श घेतलेला आहे. दुसरा ग्रंथ म्हणजे मलबारचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान रेडे ह्याने सिद्ध करविलेला 'होर्तुस मलाबारिकुस'. त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ ह्या काळात अॅम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाले आणि त्यांत सातशेंहून अधिक वनस्पतींची सचित्र वर्णने आली. ही विद्या गव्हर्नराची नव्हती. ती इट्टी अच्युतन ह्या मलबारी वैद्याची आणि रंग भट, विनायक पंडित व आप्पू भट ह्या तिघा कोकणी वैद्यांची होती. आणि शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे १६७५ साली, ह्या तिघांनी कोकणी भाषेत नि नागरी लिपीत दिलेली साक्ष पहिल्या खंडात त्यांच्या नावांनिशी छापलेली आहे. नागरी अक्षरे छापील पुस्तकात उमटल्याच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांत तिची गणना होते. फुलांवरील पुस्तकाने आपल्या लिपीला हा मान मिळवून दिला, ह्या गोष्टीचा आपल्या शालेय पुस्तकांत उच्चारही नसावा, ह्याचा मला फार खेद वाटतो. पुढे विल्यम रॉक्सबर्गने कंपनी सरकारच्या अमदानीत देशी चित्रकारांकडून सुमारे अडीच हजार वनस्पतींची चित्रे काढवून घेतली. ती चित्रे राहिली, चित्रकारांची नावे बहुतेक लुप्त झाली. रेडेने दाखविलेला प्रामाणिकपणा पुढच्या शतकाने टिकविला नाही, असाच ह्याचा अर्थ होतो.

युरोपात मात्र ह्या काळात मूलभूत प्रश्नाला हात घातला जात होता. ट्युबिंगेनच्या कामेरारियुसने १६९४ साली प्रयोगांच्या आधारे असे जाहीर केले की, पुंकेसर ही नरेंद्रिये असून त्यांच्या परागावाचून बी धरत नाही. त्या पायावर स्वीडनच्या लिनियसने १७३५ मध्ये केसरांच्या संख्येवरून वनस्पतींचे वर्ग पाडले आणि १७५३ मध्ये प्रत्येक जातीला दोन पदांचे नाव देण्याची पद्धत रूढ केली. नावांची ती पद्धत आजही अबाधित चालू आहे. वर्गवारी मात्र टिकली नाही, कारण केवळ संख्या मोजून लावलेली नाती वरवरची असतात. १७८९ मध्ये पॅरिसच्या आंत्वान लोरां द ज्युस्यूने अनेक लक्षणांचा एकत्र विचार करून कुळे लावली, त्या मार्गाने बेंथॅम व हूकर ह्यांनी एकोणिसाव्या शतकात जगातील वनस्पतींचे प्रचंड दप्तर सिद्ध केले, आणि हूकरच्या सात खंडांच्या हिंदुस्थानी वनस्पतिकोशाच्या आधाराने थिओडोर कुक ह्याने १९०१ ते १९०८ ह्या काळात आपल्या मुंबई इलाख्याची नोंद पुरी केली. हा नामकरणाचा व वर्गीकरणाचा संप्रदाय पुष्कळांना रुक्ष वाटतो. त्याचे सामर्थ्य पाहावयाचे असेल, तर १९९८ नंतर आनुवंशिक द्रव्याच्या तुलनेवरून लावलेली नवी वंशावळ पाहावी. तिने असा निर्णय दिला की, तळ्यात शेजारी नांदणारे कमळ आणि कुमुद हे एकमेकांचे नातेवाईक नव्हेतच. कमळाचे जवळचे आप्त म्हणजे काश्मीरचा चिनार आणि दक्षिण आफ्रिकेतील प्रोटिया.

दुसरा संप्रदाय फुलाच्या घडणीचा. महाकवी गटे ह्याने १७९० मध्ये असे मत मांडले की, निदल, पाकळी, पुंकेसर आणि स्त्रीकेसर ही चारही अंगे म्हणजे एकाच पर्णाची रूपांतरे होत. कवीची कल्पना म्हणून तिची पुष्कळांनी उपेक्षा केली. तथापि १९९१ साली, श्वानमुख आणि मोहरीच्या कुळातील एक क्षुद्र तण ह्यांच्यावर स्वतंत्रपणे काम करणाऱ्या संशोधकांनी असे सिद्ध केले की, जनुकांचे तीन गट कोणत्या वलयात कसे एकत्र येतात ह्यावरच त्या वलयाचे भवितव्य ठरते, आणि ते तिन्ही निकामी केले असता फुलाच्या जागी पानांचाच झुबका येतो. तिसरा संप्रदाय काळाचा आहे. अमेरिकेतील गार्नर व अॅलर्ड ह्यांनी १९२० मध्ये दाखविले की, कित्येक वनस्पती दिवस-रात्रीच्या लांबीवरून आपला फुलण्याचा मुहूर्त ठरवितात. आपल्याकडे दिवस लहान होऊ लागल्यावरच शेवंतीला बहर येतो, त्याचे हेच कारण.

चौथा संप्रदाय फूल व त्याचा दूत ह्यांच्या संबंधाचा, आणि ह्या ग्रंथाची निष्ठा प्राधान्याने त्याच्याशी आहे. त्याचा आद्यप्रवर्तक ख्रिस्तियन कोन्राड श्प्रेंगेल हा बर्लिननजीकच्या श्पांडाऊ येथील एका शाळेचा मुख्याध्यापक. रानातील एका साध्या फुलाच्या पाकळीच्या बुडाशी असलेली बारीक लव पाहून त्याने तर्क केला की, आतल्या मधाचे पावसापासून रक्षण करण्यासाठी ती असावी. मग मध कोणासाठी, पाकळ्यांवरील रेघा कोणाला वाट दाखविण्यासाठी, असे प्रश्न एकापाठोपाठ एक सुचत गेले आणि त्यांचा पाठपुरावा करीत हा माणूस वर्षानुवर्षे उन्हातान्हात फुलांसमोर बसून राहिला. १७९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात पाचशेच्या आसपास जातींच्या फुलांचे निरीक्षण आहे. समकालीनांनी त्याची दखल घेतली नाही, नोकरी सुटली, दुसरा खंड कधीच निघाला नाही. पुढे चार्ल्स डार्विनच्या हाती तो ग्रंथ आला, तेव्हा त्याची योग्यता जगाला कळली. डार्विनने स्वतः १८६२ साली ऑर्किडांवर पुस्तक लिहिले. मादागास्करच्या एका शुभ्र ऑर्किडाची मधाची नळी जवळजवळ एक फूट लांब असून मध तिच्या अगदी तळाशी असतो, हे पाहून त्याने असे भाकीत केले की, एवढीच लांब सोंड असलेला एखादा निशाचर पतंग त्या बेटावर असलाच पाहिजे. डार्विन १८८२ मध्ये निवर्तला; त्या पतंगाचे शास्त्रीय वर्णन १९०३ मध्ये प्रसिद्ध झाले. फुलाची आकृती नीट वाचता आली, तर तिच्यावरून न पाहिलेल्या प्राण्याचे वर्णन करता येते, ह्याहून मोठी साक्ष ह्या संप्रदायाला नको.

आता मुलखांकडे वळू. सुमात्राच्या अरण्यात १८१८ साली जोसेफ आर्नल्ड ह्या वैद्याला एका मलायी सेवकाने हाक मारून दाखविलेले राफ्लेशिया हे जगातील सर्वांत मोठे एकेरी फूल: व्यास सुमारे एक मीटर, वजन सात किलोपर्यंत, आणि झाडाला ना पान, ना खोड, ना मूळ. रानवेलीच्या अंगात धाग्यांसारखे पसरून ते जगते आणि फुलापुरतेच बाहेर येते. त्याच बेटावरचा टायटन अॅरम हा सुरणाचा भाऊबंद तीन मीटरपर्यंत उंच पुष्पविन्यास उभारतो, स्वतःचे तापमान माणसाच्या अंगाएवढे चढवितो आणि सडलेल्या मांसाची दुर्गंधी दूरवर पसरवितो. दोघांचीही ख्याती विक्रमांची म्हणून झाली आहे, आणि 'सर्वांत मोठे, सर्वांत उंच' असल्या कौतुकापलीकडे बहुतेक लेखन जात नाही. खरी गोष्ट अशी की, घनदाट अरण्याच्या अंधाऱ्या तळाशी रंग दिसत नाही, वारा वाहत नाही, मधमाशी क्वचित येते. तेथे हुकमी दूत म्हणजे मृतमांसावर अंडी घालणाऱ्या माश्या नि भुंगेरे, आणि त्यांना बोलवावयाचे तर कुजल्या देहाचे सोंग घेणे भाग आहे. ह्याच टायटन अॅरमच्या प्रजातीतील शेवळे कोकणात मृगाच्या सरींबरोबर जमिनीतून वर येते, आणि घशाला खाज सुटू नये म्हणून काकडाची फळे घालून त्याची भाजी करण्याची रीत आहे. सुमात्रातील नवल आणि ठाणे-रायगडच्या बाजारातील जुडी ह्यांचे गोत्र एकच आहे, हे समजल्यावर दोहोंविषयीचा आदर वाढतो.

फसवणुकीची ही विद्या ऑस्ट्रेलियात पराकोटीला पोचलेली आढळते. मेलबर्नच्या ईडिथ कोलमन ह्या निसर्गाभ्यासक बाईंनी १९२७ साली एका ऑर्किडाच्या फुलात मागच्या बाजूने शिरणाऱ्या गांधीलमाश्या पाहिल्या. त्या सर्व नर होत्या, आणि फुलाला ते आपली मादी समजत होते. अल्जीरियात पुयान नामक फ्रेंच न्यायाधीशाने असाच प्रकार त्याआधी नोंदविला होता. येथे मध नाही, खाद्य नाही, मोबदला म्हणून काहीच नाही. केवळ मादीच्या गंधाची हुबेहूब नक्कल आहे. आपल्या सह्याद्रीत त्याच जातीचे कौशल्य खरतुडीच्या, म्हणजे कंदीलपुष्पांच्या कुळात दिसते. ह्या वेलींची नि रोपांची फुले उभ्या सुरईसारखी. आतल्या केसांचा रोख खाली असल्यामुळे शिरलेली चिमुकली माशी बाहेर पडू शकत नाही, पराग अंगाला लागेपर्यंत कोंडून राहते, आणि केस कोमेजले की सुटते. दक्षिण आफ्रिकेतील ह्याच प्रजातीच्या एका वेलीविषयी २०१६ साली असे प्रसिद्ध झाले की, तिचा गंध कोळ्याच्या तावडीत सापडलेल्या जखमी मधमाशीसारखा असतो, आणि अशा मधमाशीच्या रसावर जगणाऱ्या माश्या त्याला भुलतात. हरिश्चंद्रगडाच्या कड्यावर वाऱ्यात डोलणारी आपली खरतुडी कोणाच्या गंधाची नक्कल करते, हे शोधून काढण्याचे काम मराठी तरुणांनी अंगावर घ्यावे.

दक्षिण आफ्रिकेचे केप हे टोक नव्वद हजार चौरस किलोमीटरांच्या आत सुमारे नऊ हजार जाती बाळगून आहे, आणि त्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक जगात अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. तेथील मुख्य अडचण म्हणजे निकस वाळू आणि वारंवार लागणारा वणवा. अनेक प्रोटिया आपले बी वर्षानुवर्षे बोंडांत राखून ठेवतात आणि आग होऊन गेल्यावरच राखेत सोडतात. अग्निकमळ म्हणून नावाजलेली एक कंदवनस्पती वणव्यानंतर पंधरवड्याच्या आत काळ्या जमिनीतून तांबडी फुले वर काढते. काही प्रोटिया तर जमिनीलगत, पानांआड फुलून रात्री उंदरांकरवी पराग पाठवितात. अॅमेझॉनच्या संथ पाण्यातील व्हिक्टोरिया हे कुमुद पहिल्या रात्री पांढरे उमलते, ऊब व सुगंध देऊन भुंगेऱ्यांना आत घेते, पहाटे मिटून त्यांना दिवसभर कैदेत ठेवते, आणि दुसऱ्या रात्री गुलाबी होऊन परागाने माखलेले ते पाहुणे दुसऱ्या पांढऱ्या फुलाकडे रवाना करते. दक्षिण अमेरिकेच्या अॅन्डीज पर्वतावरील पुया रायमोंदी कित्येक दशके थांबून आयुष्यात एकदाच फुलते व मरते. चिलीच्या वाळवंटातील बहराचा येथे नुसता उल्लेख करून थांबतो.

एकदाच फुलण्याच्या व्रताचा विषय मात्र असा उल्लेखमात्रे सोडता येणार नाही, कारण त्याचा संबंध आपल्या डोंगरांशी आहे. सह्याद्रीच्या उतारांवरील कारवी सात वर्षे नुसती पाने घेऊन उभी राहते आणि आठव्या वर्षी सारा डोंगर निळा-जांभळा करून, बी पिकवून वाळून जाते. मुंबईच्या बोरीवलीच्या अरण्यात असा बहर २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये आला. त्या वर्षी मधाची पोळी भरतात, आणि वाळलेल्या कारवीच्या काठ्या कुडाच्या भिंतींना जातात. मुन्नारची नीलकुरिंजी ही तिची बहीण बारा वर्षांचे व्रत पाळते. सर्वांनी एकाच वर्षी बी पाडले म्हणजे ते खाणारे प्राणी कितीही तृप्त झाले तरी पुष्कळसे बी शिल्लक उरते, हे ह्या व्रताचे सर्वमान्य स्पष्टीकरण आहे. मिझोरामच्या बांबूचा बहर सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांनी येतो. १९५९ मध्ये तो आला, बियांवर उंदीर बेसुमार वाढले, बी संपताच ते शेतांत उतरले आणि दुष्काळ पडला. दुष्काळनिवारणासाठी स्थापन झालेल्या मंडळातूनच मिझो नॅशनल फ्रंट हा पक्ष उभा राहिला, १९६६ मध्ये त्याने बंड पुकारले, आणि १९८६ च्या करारापर्यंत त्या प्रदेशाला शांतता लाभली नाही. ह्या बंडाला इतरही कारणे होती; तरीपण एका गवताच्या फुलण्याची राज्याच्या इतिहासात एवढी ठळक नोंद व्हावी, हे फुलांना शोभेची वस्तू समजणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

माणसानेही ह्या प्रपंचात हात घातला आहे. आपल्या दसऱ्याच्या तोरणातील झेंडू मेक्सिकोचा, लग्नमंडपातील निशिगंध तिकडचाच, देवळापुढचा पांढरा चाफा मध्य अमेरिकेतला, वैशाखातला गुलमोहर मादागास्करचा, बोगनवेल ब्राझीलची. आणि पुण्या-मुंबईच्या सज्जांत रात्री उमलणारे, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून ज्याची पूजा केली जाते ते ब्रह्मकमळ म्हणजे मेक्सिकोकडील एक निवडुंग, हिमालयातील खरे ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातले. ह्यामुळे आपली भक्ती खोटी ठरत नाही. पाहुण्याला घरचे माणूस करून घेण्याची ती रीत आहे. पण दूत मागे राहिला की काय होते, ते व्हॅनिलाच्या कथेत दिसते. मेक्सिकोतील ही वेल फ्रेंचांनी रेयुनियाँ बेटावर नेली. ती वाढली, क्वचित फुललीही, परंतु तिच्या मधमाश्या तेथे नसल्याने शेंग धरेना. १८४१ साली एदमों नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलातील पडदा उचलून अंगठ्याने पराग दाबण्याची युक्ती शोधून काढली, आणि आजतागायत जगातील व्हॅनिलाची लागवड बहुतांशी त्याच हस्तक्रियेवर चालते. १८४८ मध्ये त्याला मुक्ती आणि आल्बियुस हे आडनाव मिळाले. १८८० मध्ये तो दारिद्र्यात मेला. ज्या बुद्धीने अनेक मळेवाल्यांचे खजिने भरले, तिचा मोबदला त्या मुलाला कोणी दिला नाही, आणि हा अन्याय प्रत्येक फुलांच्या पुस्तकात नोंदला गेला पाहिजे, अशी माझी धारणा आहे. हॉलंडमधील ट्यूलिपच्या सट्ट्याची, १६३७ च्या फेब्रुवारीत कोसळलेल्या भावांची हकीकत बहुश्रुत आहे. ज्या पट्ट्यापट्ट्यांच्या फुलांसाठी लोकांनी घरेदारे पणाला लावली, त्यांचे पट्टे मावा किडीने पसरविलेल्या विषाणूचे कार्य होते, हे १९२८ मध्ये उघडकीस आले.

आज हा विषय मराठीत आणण्याची निकड का भासली, तेही सांगितले पाहिजे. क्योतोच्या दरबारी रोजनिश्यांतून चेरीच्या बहराच्या तारखा नवव्या शतकापासून उपलब्ध आहेत, आणि २०२१ मध्ये २६ मार्चला आलेला पूर्ण बहर त्या बाराशे वर्षांच्या नोंदीतील तोवरचा सर्वांत लवकरचा ठरला. उष्मा वाढल्याने फुलाचा मुहूर्त आणि दूताचा मुहूर्त ह्यांची फारकत होऊ लागली, तर करार राहूनही वंश बुडेल. जगातील प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पिके प्राण्यांकडून होणाऱ्या परागसिंचनावर कमीअधिक अवलंबून आहेत. लंडनजवळील क्यू उद्यानाच्या २०२० च्या अहवालात वनस्पतींच्या दर पाच जातींपैकी दोन विनाशाच्या छायेत असल्याचा अंदाज दिला आहे. घरच्या अंगणात पाहावयाचे तर साताऱ्याजवळचे कास पठार पाहावे: जांभ्या खडकावर बोटभर माती, चार महिने पाणी, आठ महिने उन्हाळा, आणि त्या तंगीतून उपजलेली तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवे ह्यांची पावसाळी रयत. निळ्या इवल्या फुलांची सीतेची आसवे निकस मातीतला नत्राचा तुटवडा सूक्ष्म जीव पकडून भरून काढतात. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारशाची सनद दिली त्यांत कास आहे; आणि त्या सनदेनंतर तेथे लोटणाऱ्या गर्दीच्या पायांखाली बोटभर मातीचे काय होते, हे तेथील प्रत्येक वाटसरूने आपल्या मनाला विचारावे.

मराठीत ह्या विषयाची परंपरा नाही असे नाही. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर ह्यांनी कलकत्त्याच्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे अध्यापन करून १९४६ मध्ये पुण्यास महाराष्ट्रासाठी संशोधनसंस्था उभी केली, आणि दुर्गाबाई भागवतांच्या ललितलेखनाने ऋतूंबरोबर झाडे न्याहाळावयास एका पिढीला शिकविले. परंतु शास्त्र एका दालनात आणि रसिकता दुसऱ्या दालनात अशी जी वाटणी होऊन बसली आहे, ती मोडण्याचा यत्न ह्या ग्रंथात केलेला आहे. म्हणून येथे फुले कुळांप्रमाणे किंवा अकारविल्हे लावलेली नाहीत. अडचणींप्रमाणे लावली आहेत: अंधार, आग, दुष्काळ, थंडी, एकाकी बेट, दूताचा अभाव. बागेत लावण्याच्या कृती आणि औषधी उपचार येथे मिळणार नाहीत. त्यांसाठी उत्तम पुस्तके आहेत. सदाफुलीपासून रक्ताच्या कर्करोगावर औषध निघते, ही माहिती तिच्या मादागास्करातील मूळ घराच्या ओघात आली आहे, उपचार म्हणून नव्हे. ज्या फुलाचा दूत कोणी प्रत्यक्ष पाहिलेला नाही, त्याविषयी तर्क न करता जागा मोकळी ठेवली आहे. देशी नाव असेल तेथे देशी नावच वापरले आहे, आणि एकाच नावाने दोन वनस्पती ओळखल्या जातात तेथे प्रदेश सांगून खुलासा केला आहे.

वाचकांकडे मागणे एकच आहे. आपल्या घराजवळचे कोणतेही एक झाड निवडावे, मग ते आंब्याचे असो, पळसाचे असो की बहाव्याचे. त्याला पहिली कळी कधी आली, पहिले फूल कधी उमलले आणि त्यावर कोण येऊन बसले, ह्याची तारीखवार नोंद एका वहीत दरसाल करावी, आणि ती वही पुढच्या पिढीच्या स्वाधीन करावी. क्योतोजवळ आहे तसे दप्तर महाराष्ट्रातील एकाही झाडाचे आज माझ्या पाहण्यात नाही.